शास्त्रीय संगीतासाठी घरचा स्टिरिओ: ४० हजारांत काय बसेल?

अनवट

नमस्कार मंडळी,

घरात सध्या टीव्हीखाली एक साउंडबार आहे. बातम्या-मालिकांना ठीक, पण ख्याल लावला की दोन गोष्टी फार खटकतात. डग्ग्यावर जोरात थाप पडली की गायकाचा आवाज क्षणभर दबतो आणि परत वर येतो. आणि तानपुरा म्हणजे मागे चाललेला सलग एक गुंऽऽ असा आवाज. तारा सुट्या ऐकूच येत नाहीत.

खोली १२ बाय १० फूट. खाली फरशी, एका भिंतीला लोखंडी कपाट, समोर मोठी खिडकी. ऐकणं जवळपास सगळं हिंदुस्थानी: ख्याल जास्त, ठुमरी, सतार-सरोद, मूड असेल तेव्हा ध्रुपद. संग्रहातला बराच भाग बाबांचा. आकाशवाणीवरून टेप केलेल्या मैफली आणि जुन्या कॅसेटी यांवरून उतरवलेल्या फाइली. बाकी मोबाइलवरच्या अ‍ॅपवरून.

बजेट सगळं धरून ४० हजार. दुकानात गेलं की ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) दाखवतात आणि तो सबवूफर, म्हणजे फक्त खालच्या आवाजाचा डबा, लावून छातीत धडधड करून देतात. बाबा (वय ७४) दुकानातून बाहेर येऊन म्हणाले, "गाणं कुठे लावलं त्यानं?" त्यांची एकच अट, रिमोट हवा आणि तीन-तीन खोकी चालू करायला लागू नयेत.

कुठून सुरुवात करू?

ठाय_लय

५.१ घेऊ नका. बाकी जाणकार सांगतीलच. धाग्यावर लक्ष ठेवून आहे, माझाही हाच प्रश्न आहे.

जुना_रेडिओ

थाप पडली की गायक दबतो, हे लक्षण नेमकं पकडलंत. साउंडबारमध्ये आणि छोट्या ब्लूटूथ डब्यांत लिमिटर असतो. इवलासा स्पीकर फाटू नये म्हणून खालचा जोरकस आवाज आला की तो सगळाच आवाज क्षणभर आवळतो. सिनेमाच्या गाण्यात हे लपून जातं, कारण तिथलं मिश्रण आधीच दाबून सपाट केलेलं असतं. विलंबित एकतालात लपायला जागाच नाही. गायक एका स्वरावर थांबलेला, मागे तानपुरे, आणि मध्येच 'धिं'. तिथे आवाज हलला की लगेच कळतं.

आता सबवूफरचं. जरा आकडे मांडू. पुरुष गायक धरा काळी एकमध्ये गातोय, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी हा त्याचा षड्ज. त्याचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९. गायिकेची पट्टी काळी चार धरली तर षड्ज २०८ आणि खर्ज १०४. म्हणजे ख्यालाच्या मैफलीत ६० हर्ट्झच्या खाली फारसं काही घडतच नाही. बऱ्यापैकी ५ इंची वूफरचा (खालच्या-मधल्या आवाजाचा मोठा कोन) छोटा बुकशेल्फ स्पीकर तिथपर्यंत पोचतो. सबवूफरचं खरं काम त्याच्या खाली सुरू होतं, स्फोट आणि डिस्कोसाठी.

त्यातही तानपुऱ्याची गंमत अशी की खर्जाच्या तारेत मूळ कंपन तसं क्षीणच असतं. जवारीमुळे (घोडीवर तार हलकीच घासत कंप पावते त्यामुळे) तिच्यातून वरचे स्वरांश उमटत राहतात, पार काही हजार हर्ट्झपर्यंत. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरसुद्धा खर्ज लागलेला कळतो ना? ६९ हर्ट्झ तिथे नावालाही नसतो. वरचे स्वरांश ऐकून कान खालचा षड्ज स्वतःच भरून काढतो. तुमच्याकडे तारा सुट्या होत नाहीत याचं कारण साउंडबारचा मधला भाग गढूळ आहे. त्यावर सबवूफर लावलात तर गढूळपणा तसाच राहील आणि वर शेजारी भांडायला येतील.

म्हणून माझं मत: दोन चॅनेल, दोन स्पीकर, ५ ते सव्वापाच इंच वूफर, सबवूफर नको. निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरवर घाला. अ‍ॅम्प्लिफायर साधा चालेल.

वायरमन

जुना_रेडिओंना +१. अ‍ॅम्प्लिफायरबद्दल माझी भर.

दुकानात खोक्यावर '५००० वॉट पीएमपीओ' (जाहिरातीसाठी फुगवलेला आकडा) असलं काही लिहिलेलं दिसलं तर खोकं उलटं ठेवून पुढे जा. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारे वॉट, विचारा. सांगता आला नाही तर चर्चा संपली.

आणि वॉट लागतात तरी किती? स्पीकरच्या कागदावर संवेदनशीलता दिलेली असते, समजा ८७ डेसिबल. याचा अर्थ १ वॉट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल. तुमच्या खोलीत तुम्ही अडीच मीटरवर बसणार, दोन स्पीकर वाजणार, भिंतींवरून थोडं परत येणार. कानाशी ८० च्या वरच भरेल. घरात बसून गाणं ऐकायला एवढा आवाज भरपूर झाला. म्हणजे तुम्ही बहुतेक वेळ १ वॉटच्या आतबाहेरच असता. ३०-४० वॉट लागतात ते तबल्याच्या ठोक्यासाठी, झाल्याच्या टोकासाठी. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो, जेमतेम जाणवण्याइतका. त्यामुळे ५० ऐवजी १०० वॉटसाठी जास्त पैसे मोजणं या खोलीत फुकट.

हल्ली क्लास-डीचे छोटे डबे मिळतात, हाताच्या पंजाएवढे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३११६ किंवा टीपीए३२५५ चिपवर चालतात. फोसी, आयिमा वगैरे नावांनी येतात. पैशाच्या मानानं फार चांगले. फक्त त्यांच्या जाहिरातीतले वॉट मोठा अ‍ॅडॉप्टर आणि ४ ओहमचा स्पीकर धरून लिहिलेले असतात, तेवढं लक्षात ठेवा. आणि रिमोट सगळ्यांना नसतो, ते आधी तपासा, नाहीतर बाबा तुम्हाला रोज बोलावणार.

डग्गेवाला

तानपुऱ्याचं पटलं. डग्ग्याचं पटलं नाही.

डग्गा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली बोलतो. पण मुद्दा नुसता किती खाली जातो एवढा नाही. मनगटाचा दाब देऊन घुमारा वर सरकवतो तेव्हा तो सरकताना ऐकू यायला हवा. स्वस्त स्पीकरवर यात दोन प्रकारे माती खातात. छोट्या वूफरवर थापेचा टप् येतो आणि घुमारा गायब. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण दुकानात तोच लोकांना आवडतो. डब्याच्या भोकातून एका ठरावीक सुरावर फुगवून खालचा आवाज काढलेला असतो. मग डग्ग्याचा कुठलाही 'घे' वाजवा, तो त्याच एका सुरात बुम्म करतो. मींड वगैरे सगळी त्यात बुडते.

तपासायला सोपं आहे. एकल तबल्याचं वादन घेऊन जा, पेशकाराचा (सुरुवातीचा संथ) भाग लावा. आठ-दहा 'घे' ऐका. सगळ्यांची उंची सारखीच वाटली तर तो स्पीकर परत ठेवा, कितीही भरदार वाटला तरी.

४ इंच आणि सव्वापाच इंच यांच्यातला फरक मला याच ठिकाणी सगळ्यात जास्त ऐकू येतो. ध्रुपद ऐकता म्हणताय, तर पखवाज आहे. बीन आणि सूरबहार तर ख्यालाच्याही खाली उतरतात. त्यामुळे खोली लहान असली तरी ४ इंचावर समाधान मानू नका.

जुना_रेडिओ

डग्गेवाला, सहमत. म्हणून ५ ते सव्वापाच म्हटलं. साडेसहा इंची घेतला तर या खोलीत भिंतीला टेकवून ठेवावा लागेल आणि तुम्ही म्हणता तोच बुम्म भिंत करून देईल. त्याबद्दल नंतर लिहितो, सध्या जेवायला हाक आली आहे.

काळी_चार

मी गाणं शिकते आणि थोडं शिकवते. तांत्रिक भागात मला गती नाही, पण स्पीकर ऐकून बघायची माझी पद्धत सांगते.

पहिली दोन मिनिटं गाणं लावतच नाही. नुसता तानपुरा लावते, खऱ्या तानपुऱ्याचं ध्वनिमुद्रण, इलेक्ट्रॉनिक नव्हे. पंचम, जोडीच्या दोन तारा, खर्ज. चारही तारा आपापल्या जागी सुट्या ऐकू येतात का आणि तरीही एकमेकींत विरघळतात का, हे बघायचं. तानपुरा नीट जुळलेला असेल तर खर्जाच्या तारेतून वर गंधार स्वयंभू ऐकू येतो. तो ज्या स्पीकरवर ऐकू आला तो पुढच्या फेरीत. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

मग एखादी गायिका, तार सप्तकातली आलापी. चांगल्या गळ्याचा तार षड्ज स्वस्त ट्वीटरवर (स्पीकरमधला वरच्या आवाजाचा छोटा भाग) काचेसारखा टोचतो. पहिल्या मिनिटाला तो 'स्पष्ट' वाटतो, विसाव्या मिनिटाला आपण आपोआप आवाज कमी करतो. म्हणून एक पूर्ण विलंबित ऐकल्याशिवाय निर्णय घेऊ नये. आपलं गाणं तीन मिनिटांचं नाही, तर स्पीकर तीन मिनिटांत कसा ठरवणार?

तिसरं, आवाज अगदी हळू करून बघायचा. पहाटे घरातले झोपलेले असताना ललत लावायचा तर बोल कळतात का, कणस्वर लागलेले कळतात का. बरेच स्पीकर मोठ्यानं लावल्याशिवाय जागेच होत नाहीत.

आणि बाबांना नेलंत तर त्यांनाच ठरवू द्या. वयानुसार वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी होतं. तुम्हाला टोचणारा स्पीकर त्यांना कदाचित स्वच्छ वाटेल. ट्रेबलचा खटका असलेलं यंत्र घ्या म्हणजे दोघांचं भागेल.

वायरमन

काळी_चार यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

त्यांनी तार षड्जाचं सांगितलं त्याला तांत्रिक पुस्ती जोडतो. दोन ड्रायव्हरच्या स्पीकरमध्ये वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा बहुधा २ ते ३ हजार हर्ट्झच्या दरम्यान असतो. काळी चारचा तार षड्ज ४१५ हर्ट्झ. म्हणजे मूळ स्वर वूफरमधून येतो आणि त्याची झळाळी ट्वीटरमधून. सांधा नीट जमला नसेल तर एकाच गळ्याचे दोन तुकडे होतात, आवाज एकीकडे आणि 'स', 'श' वेगळ्याच उंचीवरून. सारंगीवर आणि व्हायोलिनवर हे जास्त पटकन कळतं.

हळू आवाजाबद्दल: आवाज कमी केला की कानाला खालचा भाग जास्त कमी झाल्यासारखा वाटतो, हा कानाचाच स्वभाव. जुन्या यंत्रांवर 'लाउडनेस' बटण असायचं ते यासाठीच. यामाहाच्या ए-एस मालिकेतल्या बऱ्याच यंत्रांत ते अजून फिरत्या खटक्याच्या रूपात आहे. पहाटेच्या ललतासाठी उपयोगी.

शुद्ध_कॉपर

स्पीकर, अ‍ॅम्प सगळं ठीक, पण केबलबद्दल कोणीच बोललं नाही! चांदीचा मुलामा असलेली ऑक्सिजनमुक्त तांब्याची केबल घेतल्याशिवाय जवारीचे बारकावे येणार नाहीत. किमान १० टक्के बजेट केबलला ठेवा. आणि पॉवर केबल बदलली की पार्श्वभूमी काळी होते, हे मी स्वतः ऐकलंय.

वायरमन

वीज केंद्रापासून तुमच्या भिंतीपर्यंत कित्येक किलोमीटर साध्या तारेतून येते आणि शेवटच्या दीड मीटरवर शुद्ध होते होय? :)

अनवट, ३-४ मीटरच्या अंतराला १६ गेजची साधी तांब्याची वायर बास. तांबं आहे, तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम नाही, एवढं बघून घ्या. सोलल्यावर आत रुपेरी दिसलं तर परत करा. उरलेल्या पैशांचा गालिचा आणा.

शुद्ध_कॉपर

ज्याचे कान त्याला माहीत. माझ्याकडून पूर्णविराम.

अनवट

बाप रे, एका दिवसात एवढं! सगळ्यांचे आभार. रविवारी बाबांना घेऊन दोन दुकानं पालथी घातली. तानपुऱ्याची चाचणी केली. एका ठिकाणी विक्रेत्यानं विचारलं, "सर, गाणं कधी सुरू होणार?"

पण चाचणीनं खरंच चाळणी लागली. साउंडबार आणि ५.१ लगेच बाद. बाबांनी 'घे' मोजायला सुरुवात केली, ते आता माझ्यापेक्षा जास्त उत्साहात आहेत.

दोन शंका. स्वतःचा अ‍ॅम्प पोटात असलेले पॉवर्ड स्पीकर घ्यावेत की वेगळा अ‍ॅम्प आणि वेगळे स्पीकर? आणि मोबाइलवरून ब्लूटूथनं ऐकलं तर हे सगळं पाण्यात जाणार का?

बिट_बाय_बिट

ब्लूटूथच्या प्रश्नाला मी घेतो.

पाण्यात वगैरे काही जात नाही. सीडीचा प्रवाह सेकंदाला १४११ किलोबिटचा. ब्लूटूथचा सगळ्यात मूलभूत एसबीसी कोडेक (आवाज आवळून पाठवायची पद्धत) चांगल्या सेटिंगवर ३२८ च्या आसपास देतो, एलडीएसी ९९० पर्यंत जातो. पण तुमच्या संग्रहात कॅसेटवरून उतरवलेल्या मैफली आहेत. त्यांची मर्यादा टेपच्या फुसफुशीनं केव्हाच ठरवून टाकली आहे, तिथे कोडेकवर डोकं फोडण्यात अर्थ नाही. चांगल्या नव्या ध्वनिमुद्रणासाठी मात्र तार लावा. ॲपलचा यूएसबी-सी ते साडेतीन मिलिमीटरचा छोटा डोंगल किमतीच्या मानानं आश्चर्यकारक स्वच्छ आहे. जुना मोबाइल कायमचा त्याला जोडून ठेवला की झाला तुमचा 'म्युझिक सर्व्हर'. काही अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज अर्ध्यावरच अडतो, तेवढं आधी करून बघा.

माझ्या मते कोडेकपेक्षा या गोष्टी जास्त त्रास देतात. अ‍ॅपमधलं शफल आणि ट्रॅकमधली पोकळी. विलंबितातून द्रुतमध्ये जाताना मध्येच दोन सेकंद शांतता आली की रसभंग. 'गॅपलेस' (पोकळी न ठेवणं) चालू करा, क्रॉसफेड (एका ट्रॅकवर दुसरा चढवणं) बंद. इक्वलायझर आणि 'डॉल्बी' नावाखाली फोननं आपणहून चालू केलेले सगळे चमत्कार बंद. त्यातला एखादा तरी चालू असतोच, आणि तानपुऱ्याचा गुंऽऽ होण्यात त्याचा वाटा असतो.

शेवटचं, युट्यूबवरच्या जुन्या मैफलींची पट्टी बघत चला. कॅसेट जरा वेगानं चालवून चढवलेली असली की काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो आणि गळा बारीक होतो. मग आपण स्पीकरला दोष देत बसतो. ऑडेसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये वेग दुरुस्त करता येतो. बाबांना एक चांगला उद्योग मिळेल.

पेठकर

जुन्या मालाचा विचार केलाय का? आमच्या पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन, जुने अ‍ॅम्प आणि स्पीकर फिरत असतात. सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज ही आपल्याकडची नावं. पैकी सोनोडाइनचे जुने स्पीकर मिळाले तर गळ्याच्या आवाजाला फार गोड.

पण घेताना जाळी काढून वूफरच्या कडेला हलकेच बोट लावून बघा. कडेची गोल पट्टी फोमची असेल तर आपल्या दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होते. बोटाला काळा चुरा लागला की समजायचं. रबराची असेल तर टिकते. मग कोनवर दोन्ही बाजूंनी तळवे ठेवून अलगद आत दाबा. खरखर आली तर कॉइल घासतेय. अ‍ॅम्प असेल तर आवाजाचा खटका सावकाश पूर्ण फिरवा, चरचर आली तर भाव पाडायला कारण मिळतं, दुरुस्ती किरकोळ असते. एक बाजू अधूनमधून जात असेल तर मात्र हात लावू नका.

अवांतर: अलूरकर म्युझिक हाऊसच्या कॅसेटी कोणाकडे अजून धड वाजतात का? माझ्याकडच्या काहींचे फेल्ट पॅडच गळून पडले. टेप ठणठणीत आहे.

ठाय_लय

पेठकर, रिकामी कॅसेट घ्या, स्क्रूवाली. टेप तिच्यात हलवा. पॅड त्या कवचातच असतं, टेपला काही होत नाही.

डग्गेवाला

ठाय_लय, 'लक्ष ठेवून आहे' म्हणणारा माणूस सगळ्यात उपयोगी निघाला.

जुना_रेडिओ

खोलीबद्दल लिहितो म्हटलं होतं.

१२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. एवढ्या अंतराच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये सुमारे ४७ हर्ट्झला आवाज अडकून घुमतो, आणि त्याच्या दुपटीला, ९४ लाही. १० फुटांच्या बाजूनं ५६ आणि ११२. आता डग्गा कुठे बोलतो ते आठवा. तुमची खोली स्वतःच डग्ग्याच्या काही सुरांना फुगवणार आणि काही गिळणार. हे ४० हजारांच्या स्पीकरलाही होईल आणि ४ लाखांच्याही. कोपऱ्यात ठेवला तर सगळ्यात जास्त.

उपाय फुकटचे आहेत. स्पीकर छोट्या भिंतीच्या बाजूला, कोपऱ्यापासून किमान दोन फूट दूर, मागच्या भिंतीपासून फूटभर पुढे. भोक मागच्या बाजूला असेल तर जास्तच पुढे. तुम्ही पाठीमागच्या भिंतीला टेकून बसू नका, तिथे बुम्म सर्वाधिक. ट्वीटर बसल्या जागी कानाच्या उंचीला आला पाहिजे. सतरंजीवर बसून ऐकणार असाल तर स्टँड बुटके लागतील, बाजारात मिळतात ते खुर्चीच्या हिशोबाचे. सुतारानं लाकडी चौरंग करून दिले तरी उत्तम, फक्त जड हवेत आणि डगमगता कामा नयेत.

फरशीवर स्पीकर आणि तुम्ही यांच्यामध्ये जाड सतरंजी किंवा गालिचा. खिडकीला जाड पडदा. लोखंडी कपाटाला मात्र काहीतरी करा. एका ठरावीक स्वराला त्याची दारं झणझणतात आणि माणूस स्पीकर फाटला म्हणून दुकानात परत जातो. दाराच्या फटीत रबराची पट्टी चिकटवा. वर ठेवलेली पितळी भांडी खाली उतरवा.

जोडणी झाल्यावर एक तपासणी. जुनं मोनो ध्वनिमुद्रण लावा, ते तुमच्याकडे भरपूर असणार. मधोमध बसलं की गायक बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये दिसला पाहिजे, जणू तिथे तिसरा स्पीकर आहे. आवाज चहूकडे पसरलेला आणि पोकळ वाटला, डग्गा गायब झाला, तर एका स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट लागल्या आहेत. मी लोकांच्या घरी वर्षानुवर्षं तसेच लावलेले स्पीकर बघितले आहेत.

आणि पॉवर्ड की वेगळे? बाबांच्या अटीकडे बघितलं तर पॉवर्ड सोपे. एडिफायरचे आर-१२८०-डीबी चांगले आहेत, रिमोट, ऑप्टिकल, ब्लूटूथ, बेस-ट्रेबलचे खटके सगळं आहे, पण वूफर ४ इंची. डग्गेवाला नाक मुरडणार. वेगळं घ्यायचं तर डाली स्पेक्टर २, व्हार्फडेल डायमंड १२.१, पोल्क टी-१५ यांपैकी जे ऐकायला मिळेल ते ऐका, आणि सोबत यामाहा ए-एस२०१ किंवा वायरमन म्हणतात तसा क्लास-डीचा डबा. यामाहाला रिमोट आहे, डिजिटल इनपुट नाही, मग डोंगल. भाव दर सेलला बदलतात, त्यामुळे आकडे देत नाही.

स्टुडिओ मॉनिटरही (स्टुडिओत वापरायचे स्पीकर) लोक सुचवतील. ते हातभर अंतरावर बसून ऐकायला बनवलेले असतात, आणि स्वस्तातल्या काहींची सुंऽऽ अशी बारीक फुसफुस आलापीच्या शांततेत ऐकू येते. घ्यायचेच तर काही न वाजवता कान लावून बघा.

काळी_चार

मोनोबद्दल आणखी एक. ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेलं ऐकताना ट्रेबल चक्क खाली करा. १९२५ च्या आधीच्या यांत्रिक ध्वनिमुद्रणात तर वरच्या पट्टीत चरचरीशिवाय फारसं काही नसतंच. ती कमी झाली की त्या तीन मिनिटांत केवढं गाणं भरलंय ते दिसतं. चकचकीत ट्वीटरवर अब्दुल करीम खाँसाहेब ऐकणं म्हणजे नुसती चरचर ऐकणं.

अनवट

घेतलं! पोल्कची सव्वापाच इंची जोडी आणि यामाहा. बाबांनीच निवडले. त्यांच्या मते दुसऱ्या जोडीवर "बाई नाकात गात होती". स्टँड सुताराकडे टाकले आहेत, तोवर दोन जुन्या ट्रंकांवर जुन्या गोधड्या घालून ठेवलेत. सतरंजी आली. कपाटाच्या दाराला रबर लावलं, खरंच झणझणत होतं, तेही कोमल निषादावरच.

पंचम, जोड, जोड, खर्ज सगळं सुटं ऐकू येतंय. गंधार मला अजून ऐकू येत नाही, बाबांना येतो म्हणे.

एक अडचण. लॅपटॉप जोडला की बारीक घर्रर्र येते. मोबाइल जोडला तर नाही. यंत्र खराब का?

वायरमन

अभिनंदन! यंत्र ठणठणीत आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. घर्रर्र गेली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह. लॅपटॉप आणि अ‍ॅम्प एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, बऱ्याचदा तेवढ्यानं जाते. नाहीच गेली तर मध्ये लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, स्वस्त असतो. चार्जरची अर्थिंगची पिन मोडून किंवा टेप लावून उपाय करू नका, तो सल्ला कोणीतरी देणारच आहे. आणि सॉकेटला मुळात अर्थिंग आलेलं आहे का, ते वायरिंगवाल्याकडून एकदा बघून घ्या.

काळी_चार

ती घर्रर्र कुठल्या सुरात असते?

वायरमन

आपली वीज ५० हर्ट्झची, घर्रर्र बहुतेक १०० ची. पांढरी पाचच्या किंचित वर पडते.

काळी_चार

म्हणजे माझ्या खर्जापेक्षा अर्ध्या स्वरानं उतरलेली. तरीच रियाजाच्या खोलीतली जुनी ट्यूबलाइट लावली की मला सूर सापडत नाही.

डग्गेवाला

तिला पांढरी पाचात जुळवून घ्या, नाहीतर एलईडी लावा.

अनवट, ट्रंका रिकाम्या असतील तर त्यात गोधड्या नाहीतर पुस्तकं भरा. रिकामी पत्र्याची ट्रंक म्हणजे तिसरा डग्गा.